सेट बी, प्रश्न चौदा

सहामाही परीक्षेच्या दिवसांत माझ्या तीन याद्या असतात. एक शाळेची, एक घराची, आणि तिसरी त्या कामांची, जी कोणाच्याच यादीत नसतात म्हणून माझ्याकडे येतात. इंग्रजीच्या पेपरची की, म्हणजे बरोबर उत्तरांचा कागद, तिसऱ्या यादीत. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आम्ही चौघी आहोत, पण की बरीच वर्षं मीच बनवते, कारण मी वेळेवर देते.

त्या हिवाळ्यात नववीच्या पेपरचे दोन सेट काढले होते. प्रश्न तेच, पर्यायांचा क्रम वेगळा, म्हणजे शेजारच्याचं बघून लिहिता येऊ नये. चौदावा प्रश्न असा होता: काच त्यानेच फोडली हे इंग्रजीत ठासून सांगायचं, तर ‘इट वॉज’च्या पुढे ‘ही’ येईल की ‘हिम’? बोलताना लोक काहीही म्हणतात. घरची बेल वाजवल्यावर आतून कोणी विचारलं तर मी स्वतः ‘इट्स मी’ म्हणते. पण पुस्तकात ‘ही’ आहे आणि मार्क पुस्तकाप्रमाणे मिळतात. मराठीत एक ‘च’ लावला की भागतं. तो ‘च’ इंग्रजीत कुठे ठेवायचा ते मुलांना कळत नाही, मग ती ‘ओन्ली’ घालतात. ‘ही ओन्ली ब्रोक द ग्लास.’ ते खोडण्यात माझी निम्मी लाल शाई जाते.

सेट एमध्ये ‘ही’ हा दुसरा पर्याय होता, सेट बीमध्ये पहिला. मी एची की तयार केली, तीच बीसाठी उतरवून घेतली आणि एकेका प्रश्नाच्या बरोबर पर्यायाचा क्रमांक बदलत गेले. चौदाव्याचा राहिला, म्हणजे बीच्या कीत ‘हिम’ बरोबर ठरलं. जयेंद्रगंजातल्या आमच्या घरी त्या वेळी सासूबाईंना व्यायाम करवायला माणूस आला होता, मी एका हाताने त्यांची उशी धरली होती. खाली नेहमीसारखं ‘इंग्रजी विभाग’ असं लिहून की दिली. कीवर नाव घालायची आमच्याकडे पद्धत नाही.

सेट बीच्या कॉप्या आमच्यातल्या सगळ्यांत लहान बाईंकडे होत्या. (उत्तरपत्रिकांना इथे हिंदी मुलखात सगळे कॉप्याच म्हणतात.) ती कंत्राटावर आहे. दर मार्चमध्ये पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं त्याची यादी निघते, आणि दर मार्चमध्ये तिचा चेहरा एवढासा होतो. माहेर गोरखीजवळ, घरात मराठी, पण दर दुसऱ्या वाक्याला हिंदीत जाते. मला ताई म्हणते. तर ती कीचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“ताई, हे चौदावं बघता का जरा? मुझे लगता है कुछ गड़बड़ है.”

माझ्यासमोर चार गठ्ठे होते. मी मान वर केली नाही.

“कीप्रमाणे तपास.”

“नाही, पण यात तर ‘हिम’...”

“अगं, कीप्रमाणे! प्रत्येकीने आपलं डोकं चालवलं तर झालंच मग.”

ती गेली, आणि तिने कीप्रमाणे तपासलं.

कॉप्या मुलांबरोबर घरी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील आले. मुलीने ‘ही’ लिहिलं होतं, मार्क शून्य. सेट बीच्याच दुसऱ्या एका मुलाने ‘हिम’ लिहिलं होतं, मार्क एक. प्रिन्सिपॉलसरांनी मला आणि तिला बोलावलं. पालक गेल्यावर त्यांनी कॉपी उलटी करून सही पाहिली. सही तिची.

“सर, विभाग से चूक हुई है,” मी म्हटलं. “हम देख लेते हैं.”

हम. इथल्या हिंदीत एकटा माणूससुद्धा स्वतःला हम म्हणतो, त्यात काही विशेष नाही. पण त्या दिवशी तो शब्द मी आडोशासारखा वापरला, हे मला म्हणतानाच कळत होतं.

“मैडम, चिट्ठी विभाग के नाम नहीं, किसी एक के नाम निकलती है,” सर म्हणाले, आणि तिच्याकडे वळले. “आप कल तक लिखित स्पष्टीकरण दीजिए.”

ती “जी सर” म्हणाली. बाहेर व्हरांड्यात मी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या तासाला गेले. घरी आल्यावर यादीतली सगळी कामं केली. एकही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला ती एक कागद घेऊन आली.

“ताई, एकदा इंग्रजी बघून द्या ना. अशा चिठ्ठीत चूक गेली तर सब हँसेंगे.”

चार ओळी होत्या. ‘इट वॉज मी हू चेक्ड द कॉपीज’, आणि शेवटी, चूक ‘माइन ओन्ली’. माझ्या हातात लाल पेन होतंच. मी ‘मी’ खोडून वर ‘आय’ लिहिलं. ‘ओन्ली’ काढलं. एक स्वल्पविराम घातला. मग चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. की चुकीची होती, हे त्यात कुठेच नव्हतं.

“तू मला विचारायला आली होतीस,” मी म्हटलं.

“हो.”

“मग ते का नाही लिहिलंस?”

तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“लिहून काय होणार, ताई? मार्चची लिस्ट तुम्हीच तर टाइप करता.”

टोमणा नव्हता तो. बस कितीला सुटते ते सांगावं, तसं तिने सांगितलं. मी नुसती टाइप करते, नावं सर ठरवतात, हे मी तिला सांगत बसले नाही. तिची चिठ्ठी घडी करून माझ्या पर्समध्ये टाकली.

“ताई, ती आज द्यायची आहे.”

“माहीत आहे. तू तासाला जा.”

सर डबा उघडत होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, “सर, आंसर-की मैंने बनाई थी. ग़लती मेरी है. कॉपी जाँचनेवाली मैडम ने मुझसे पूछा भी था, मैंने देखा नहीं.”

“आपने?” त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. “आपसे ये उम्मीद नहीं थी.”

“लिखकर दे दूँ?”

“दे दीजिए. और परीक्षा का काम फ़िलहाल किसी और को दे देते हैं.”

मी तिथेच बसून लिहून दिलं. इतक्या वर्षांचं काम हातातून गेलं, तर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाय तेवढे दुखत होते.

सेट बीच्या सगळ्या कॉप्या परत मागवल्या आणि मी शाळा सुटल्यावर पुन्हा तपासायला बसले. ती न विचारता समोरची खुर्ची ओढून बसली.

“अर्ध्या इकडे द्या.”

“नको. हे माझं आहे.”

“टोटल तरी करू द्या. तुम्ही दमलात की हातचा विसरता.”

मी गठ्ठा तिच्याकडे सरकवला.

मार्चमध्ये सरांनी हाताने लिहिलेली यादी टाइप करायला दिली. मी शेवटून वाचत गेले. तिचं नाव वरून चौथं होतं. टाइप केल्यावर मी स्टाफरूममध्ये जाऊन तिला तेवढंच सांगितलं, “आहेस.”

ती डोळे पुसत म्हणाली, “ताई, नाव नीट टाइप केलंत ना? दाखवा, मी एकदा बघून घेते.”

मी कागद तिच्या हातात दिला. तिने खरंच एकेक अक्षर तपासलं.