थिनरची परीक्षा

खोलीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत, धंदा रंगाऱ्याचा; पण कधीकाळी त्याने एका इस्पितळाचे तीन मजले रंगवले होते, आणि तेवढ्या भांडवलावर परमुलखात त्याची डॉक्टरकी जोरात चालली होती.

साथ आली, कामं बंद पडली आणि आठ रंगारी एका खोलीत अडकले. फोनवर रोज नवा उपाय यायचा. डॉक्टर तो तपासायचा, म्हणजे मोठ्याने वाचून दाखवायचा. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हेही त्यानेच वाचून दाखवलं. या आजारात वास जातो असं कळलं, तेव्हा त्याने परीक्षाच काढली. रोज सकाळी प्रत्येकाने रंग पातळ करायच्या थिनरच्या डब्यावर नाक धरायचं. नाकाला झोंबलं की माणूस ठणठणीत. रोज आठही जण पास व्हायचे.

त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ तापाने फणफणला, तेव्हा तोही पास झाला. या मेहुण्याला कामावर डॉक्टरनेच आणलं होतं. चार दिवस ताप, चार दिवस पास. पाचव्या सकाळी त्याला दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला.

"भाऊजी, आजही... झोंबलं. म्हणजे... ते नाही ना?"

"वास कसा येतोय?"

"वास कुठला? नुसतं... झोंबतंय."

मेहुण्याचे डोळे मिटलेले होते. डॉक्टरने अंगाच्या साबणाची वडी त्याच्या नाकाला लावली.

"आणि हा?"

"हे... काय आहे?"

डॉक्टरने इस्पितळाच्या गाडीला फोन लावायला घेतला, तर बाकीचे अंगावर आले. "तूच म्हणाला होतास ना, नेलेला परत येत नाही?"

"मी गाढव आहे."

हे निदान मात्र कुणी खोडून काढलं नाही.

सोळा दिवस ऑक्सिजनवर काढून मेहुणा परत आला. संध्याकाळी बायकोचा फोन आला. ती रडतच होती.

"अहो, तुम्ही होतात म्हणून माझा भाऊ वाचला."

गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. खोलीतलं कुणी बोललं नसतं. पण त्याला ते सहन होईना.

"मी होतो म्हणून तो चार दिवस असाच पडून राहिला," तो म्हणाला, आणि थिनरपासून सगळं सांगून टाकलं.

"फोन त्याला द्या," ती म्हणाली.