सासऱ्यांचा पितळी रेग्युलेटर
गोटी सोडा फोडल्याचा आवाज आला की मला सासरे आठवतात. हळ्ळीखेडला त्यांचं सोड्याचं दुकान होतं. बिदरला मी माशांच्या टाकीत पाणवनस्पती लावल्या, तेव्हा त्यांना कार्बन डायऑक्साइड द्यायला कुठला रेग्युलेटर घ्यावा ते मला ठरवता येईना. सोड्यातही हाच गॅस भरतात, म्हणून सासऱ्यांनी दुकानातला जुना पितळी रेग्युलेटर आणून स्वतः बसवून दिला. "सिलिंडर संपायलाय असं दिसलं की चावी बंद करा, जावईबापू. न्हाईतर शेवटचा गॅस एकदम सुटतंय," असं दोनदा बजावलं. सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय ते दाखवणारा काटा मी बघायचंच विसरलो. एका सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. सासरे आले तेव्हा चार पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "तुमच्या भंगारानं माझे मासे मारले." बायकोनं माझ्याकडं पाहिलं, त्यांचं बजावणं तिनंही ऐकलं होतं. सासरे एवढंच म्हणाले, "व्हय, आमचंच जुनं व्हतं." पंधरा दिवसांनी ते हैदराबादहून नवा रेग्युलेटर घेऊन आले, शेवटापर्यंत गॅस सारखा सोडणारा. आज ते नाहीत, पण तो अजून चालतोय. कुणी विचारलं की मी तसलाच घ्यायला सांगतो. आधीच्यात काय बिघाड होता, असं कुणी विचारलं की बायको उठून आत जाते.