आमच्यातलं कोण सांगत होतं

माझा धाकटा भाऊ नांदेडात वेल्डिंगचं काम करायचा. लातूरच्या एका एजंटानं परदेशात गोदामातली नोकरी म्हणून त्याला नेलं. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "ताई, आम्हाला इथं वर्दी दिलीय. बंदूक पण." मागून कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं आणि फोन बंद झाला. त्यानंतर त्याचा फोन नाही. एजंटाच्या ऑफिसला कुलूप. सरकारी कचेरीत सांगितलं, युद्ध चालू असलेल्या त्या देशाच्या सैन्यात आपलं कुणी असल्याची शासनाकडे माहिती नाही.

अशी नांदेड-लातूरकडची सात घरं शोधत शोधत एकत्र आली. महिन्यातून दोनदा आम्ही नांदेडच्या कलेक्टर ऑफिससमोर बसू लागलो. 'युद्ध थांबवा' आणि 'आमची माणसं कुठं आहेत ते सांगा' असे दोनच फलक. पोलिसांची परवानगी रीतसर घ्यायचो, तरी समोरच्या झाडाखाली साध्या कपड्यातला एक पोलीस आमचे फोटो काढत उभा असायचा.

तिसऱ्या धरण्याला जळकोटहून एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आले. सोबत सतरंजी आणि पाण्याचा कॅन. मी विचारलं, "काका, तुमचं कोण गेलंय?"

"कोणीच न्हाई."

एवढंच बोलून ते बसले आणि खिशातली छोटी डायरी काढून काहीतरी लिहू लागले. कुणी गेलेलं नाही, तरी हा माणूस दोन बस बदलून उन्हात येऊन बसतो कशाला? माझं लक्ष त्या डायरीवरून हटेना.

पुढच्या आठवड्यात नांदेडला मंत्री येणार होते. विश्रामगृहाच्या फाटकावर फलक घेऊन उभं राहायचं असं आम्ही विहारातल्या बैठकीत ठरवलं; काकाही तिथं होते. बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात दोन पोलीस उभे. "ताई, चला. साहेबांनी चहाला बोलावलंय." ठाण्यात पोचले तर बाकीच्या घरांतली माणसं बाकावर आधीच बसलेली. मंत्र्यांची गाडी गावाबाहेर गेली तेव्हा आम्हाला सोडलं. चहा काही मिळाला नाही.

कंडक्टर काकांना मात्र कुणी नेलं नव्हतं.

मी सगळ्यांना एकेक फोन करून हे सांगितलं. पुढच्या बैठकीत मीच बोलले, "काका, तुम्ही यापुढं येऊ नका." त्यांनी कारण विचारलं नाही. चपला घालताना म्हणाले, "ठीक हाय बाई. सतरंजी ऱ्हाऊ द्या, लागंल तुम्हाला." त्यांचं हे शांत बोलणंही मला बनेल वाटलं.

पुढच्या खेपेला लातूरला जाऊन धरणं धरायचं ठरवलं. काका नव्हतेच. तरी सकाळी सातला पोलीस दारात.

मग मात्र आमचं बसणं-उठणंच बदललं. बैठकीत फोन पिशवीत घालून बाहेर ठेवायचे. कुणी लघवीला उठलं तरी बाकीचे दाराकडं बघायचे. धर्माबादच्या एका बाईनं दुसरीला तोंडावर विचारलं, "तुझ्या दिराची होमगार्डात ओळख हाय ना?" ते घर यायचंच बंद झालं. मी ज्या दवाखान्यात काम करते तिथल्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "भावाचं काही कळलं का?" तेव्हा यांना कशाला हवंय, असं माझ्या मनात आलं. माणसाला पोखरणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

एका दुपारी मी लवकर घरी आले. आई बाहेर झोपली होती. स्वयंपाकघरात भावाची बायको, माझी भावजय, हळू आवाजात फोनवर बोलत होती, "हाव साहेब. रविवारीच हाय बैठक. विहारात."

मी दारातच थांबले. बैठकीत ठरलेलं सगळं मी घरी येऊन हिलाच सांगायचे. तिनं मला पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

"कोण साहेब गं?"

ती रडू लागली. तीन महिन्यांपासून दिल्लीच्या कुण्या ऑफिसातले म्हणवणारे साहेब तिला फोन करत होते. नवऱ्याची फाईल माझ्याच टेबलावर आहे, म्हणायचे. तुम्ही लोक गोंधळ घालून राहिले म्हणून काम अडलंय. पुढं काय करणार ते आधी कळवत जा, म्हणजे मी वर सांभाळून घेतो. "ताई, लई गोड बोलायचे. जेवलीस का म्हणून विचारायचे. तसं मला दुसरं कुणी विचारत न्हाई."

रागानं माझा हात शिवशिवत होता, पण तिचं शेवटचं वाक्य ऐकून तो जागीच राहिला. मी त्याच नंबरवर फोन लावला. "साहेब, तुमचं नाव आणि खातं सांगा. फाईलचा नंबर पण." पलीकडून फोन कट. पुन्हा तो नंबर लागलाच नाही. पोलीस होता, एजंटाचा माणूस होता की आणखी कुणी, ते आजही माहीत नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं, तर माहिती उपलब्ध नाही असं उत्तर आलं.

रविवारी भावजयीनं सगळ्यांसमोर स्वतः सांगितलं. धर्माबादच्या बाईनं तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी जळकोटला गेले. काका अंगणात तुरी वाळवत होते. पोलिसांकडं अर्ज केलेल्या घरांचीच नावं होती, काकांचं नव्हतंच, हे मला उशिरा सुचलं होतं. मी माफी मागितली. त्यांनी खाट पुढं केली.

"काका, मग तुम्ही यायचे कशाला?"

"युद्ध थांबवा म्हणायला घरातलं कुणी जावंच लागतं व्हय?" ते म्हणाले. मग डायरी आणून माझ्या हातात दिली. धरण्यावर आम्ही बोलायचो ते सगळं, कोणत्या अर्जावर कोणत्या टेबलानं काय सांगितलं, वेळेसकट लिहिलेलं. आमच्यापैकी कुणीच ते लिहून ठेवलं नव्हतं.

त्या नोंदी जोडून आम्ही नवा अर्ज केला, आणि पोच मिळेपर्यंत ऑफिसच्या पायरीवरून उठलो नाही. काका शेजारी होते. काही आठवड्यांनी पत्र आलं. सोबत त्या देशाच्या सैन्यात घेतलेल्यांची यादी होती, त्यात भावाचं नाव होतं, पुढं 'संपर्क नाही' एवढंच. आईनं दोनदा वाचून घेतलं. तो जिवंत आहे का, हे त्यात कुठंच नव्हतं.

भावजयीनं कागद उलटापालटा करून पाहिला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. यादी तयार केल्याची तारीख आमच्या पहिल्या धरण्याच्या आधीची होती. आम्ही धरण्याला बसलो तेव्हाही माहिती नाही म्हणून सांगत होते, आणि ही यादी कुठल्यातरी कपाटात होती.

तिनं माझ्याकडून पेन घेतला. पुढचा अर्ज तिनंच लिहिला, एका ओळीचा: हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, तर आम्हाला का सांगितलं नाही?

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही अजून बसतो.