गोबोची पाठ

मी तोगाशी, नालबंद. तीस वर्षं जपानच्या उत्तरेकडे हिदाकाच्या या समुद्रकाठी घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन वाकलोय, त्यामुळे माणसं मला नेहमी खालून दिसतात. खालून माणूस शोभत नाही. नाकपुड्या दिसतात आणि हनुवटीखाली लोंबणारं मांस. कुरामोची तर खालून मुळीच बघवत नसे.

हा कुरामोची साप्पोरोत जुन्या मोटारी विकायचा. पन्नाशीत त्याला घोड्यांचं वेड लागलं, म्हणजे घोड्यावर बसलेल्या स्वतःच्या फोटोंचं. आमच्याकडचं एक स्टड फार्म, घोड्यांची पैदास करणारं, बुडालं, तेव्हा त्याची पागा आणि कुरण घेऊन याने तिथे रायडिंग क्लब काढला. शनिवार-रविवारी शहरातून गिऱ्हाइकं यायची. चकचकीत बूट, पांढऱ्या विजारी, आणि घोड्यावर कुठल्या बाजूने चढायचं हा प्रश्न दर आठवड्याला नवा. त्यांच्यापुढे कुरामोची एखाद्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारून म्हणायचा, "इंजिन बघा, इंजिन!" आणि ती मंडळी खरंच वाकून बघायची.

त्या पागेत लीद काढायला फुसाए मिनेगिशी होती. कुरामोचीला ती जागेबरोबरच मिळाली होती, फावडी आणि बादल्यांसारखी. तिचा बाप समुद्रातून कोंबू, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, काढायचा. ती लांबलचक काळी पानं गोट्यांवर वाळत घालण्यात तिचं लहानपण गेलं. सतराव्या वर्षी त्या वासाला कंटाळून ती या स्टड फार्मवर मोतद्दार म्हणून लागली आणि चौतीस वर्षं तिने एकच काम केलं. वर्षा-दीड वर्षाची काटकुळी शिंगरं लिलावासाठी तयार करायची. शिंगरू तिच्या हाती यायचं तेव्हा दिसायचं तुटक्या खुर्चीसारखं, आणि लिलावाच्या दिवशी त्याच्या पाठीवरून नजर हटायची नाही. वर्तमानपत्रात फोटो यायचा. शिंगरू मधोमध, टाय लावलेला मालक शेजारी, आणि दोर धरलेली फुसाए कोपरापर्यंत. चौतीस वर्षांत तिचा खांदासुद्धा कधी छापला गेला नाही.

चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, क्लबात एक नवा घोडा आला. वय चार वर्षं, तांबूस-तपकिरी. एका लहानशा रेसकोर्सवर अकरा शर्यती धावला होता आणि त्यातली त्याची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे सातवा नंबर. रेस सोडलेले घोडे असतात तसाच होता. बरगड्या मोजून घ्याव्यात, खुब्याची हाडं वर आलेली, आणि मानेमागचा उंचवटा घराच्या आढ्यासारखा धारदार, दोन्ही बाजूंना खळगे. त्या खळग्यात फुसाएने आपली मूठ घातली, ती मनगटापर्यंत गेली.

"हा घोडा नाही, गोबो आहे," ती म्हणाली. गोबो म्हणजे आमच्या स्वयंपाकातलं ते लांब, मातकट, कडक मूळ. नाव चिकटलं.

साप्पोरोच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना, उराबे-सेन्सेईंना (डॉक्टरांना आमच्याकडे सेन्सेई म्हणतात), गोबोचे डोळे आवडले. घोडा घेताना लोक डोळे बघतात, जसं काही डोळ्यांवरच बसायचं असतं. कुरामोचीने लगेच शब्द दिला, "सेन्सेई, तीन महिने द्या. अशी पाठ करून देतो की आरसा ठेवाल त्यावर."

त्याची पद्धत अशी. दिवसातून तीनदा बादलीभर ओट्स. त्यावर एक पावडर. डब्यावर पैलवानासारख्या घोड्याचं चित्र होतं आणि कुरामोचीला तेवढा पुरावा पुरत होता. गवत अगदी थोडं, कारण गवताने पोट सुटतं म्हणे. आणि रोज तासभर घोड्याचं डोकं पट्ट्यांनी छातीकडे आवळून त्याला गोल गोल पळवायचं. "मान वाकली की पाठ आपोआप येते," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं ते वहीत लिहून घ्यायची.

फुसाए कुंपणापाशी फावडं टेकून बघत होती. "मालक, घोडा आहे की शर्ट? खुंटीला अडकवलाय नुसता."

"आजी, तुमचं काम लीद. तिकडे लक्ष द्या."

"लक्ष आहेच. पातळ झालीय, बघायचीय?"

घोडा थांबवल्यावर मी खाली, त्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन बसलो. रेसच्या घोड्यांचे खूर असतात तसेच हे होते. पुढे वाढलेले, टाच जवळजवळ नाहीशी. टाच दुखत असेल तर घोडा पाठ वापरत नाही, हे मला वीस वर्षं माहीत होतं. कुरामोची म्हणाला, "तोगाशी-सान, साधीच नाल मारा, वेळ घालवू नका." मी साधीच नाल मारली. इतरांना नावं ठेवतोय, म्हणून माझंही सांगून टाकतो.

सहा आठवड्यांनी परत गेलो तर गोबो आणखी वाळला होता. वाढली होती ती मानेची खालची बाजू, गळू आल्यासारखी. वरून मान बुडालेली, पाठ खचलेली. खोगीर दिसलं की चावायला यायचा. गव्हाणीची फळी त्याने कुरतडून अर्धी केली होती. कुरामोची म्हणाला, "स्वभाव वाईट निघाला," आणि पावडर दुप्पट केली.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी गोबो पागेत आडवा पडून पोटाकडे वळून वळून बघत होता, घामाने निथळत होता. पोटशूळ. डॉक्टर आला, नाकातून नळी घातली, दुपारपर्यंत घोडा उभा राहिला. डॉक्टर हात धुताना एवढंच म्हणाला, "याच्या पोटात जखमा असणार. दाणा कमी करा, गवत वाढवा." कुरामोचीने मान हलवली आणि डॉक्टरची गाडी वळणाआड गेल्यावर म्हणाला, "मालच खराब. दक्षिणेकडे पाठवून देतो झालं." दक्षिणेकडे म्हणजे कुठे हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. तिथे घोड्यांना खाऊ घालून लठ्ठ करतात आणि मग कापतात.

फुसाए बादली खाली ठेवून समोर आली. "पाठवा. तुमच्याकडे वजन वाढेना, खाटकाकडे वाढेल. तो निदान चारा तरी घालतो."

कुरामोचीचा चेहरा लाल झाला. त्याला दया आली असं कुणी समजू नये; त्याला दया कधीच आली नाही. अडचण अशी होती की उराबे-सेन्सेईंना त्याने दर आठवड्याला खोटे फोन केले होते की घोडा नुसता फुलतोय. आता काय सांगणार?

"मे महिन्यापर्यंत माझ्याकडे द्या," फुसाए म्हणाली. "मधे कुणी हात लावायचा नाही. आणि बोलायचं नाही."

"लीद कोण काढणार?"

"मीच. तुम्हाला थोडीच जमणार आहे?"

पुढे मी कुरामोचीच्या बोलावण्याची वाट न बघता महिन्याला जायला लागलो. पहिल्याच वेळी तिने मला गाठलं. "तोगाशी, तुला दिसत होते ना हे खूर?"

"होते."

"मग? तोंडात खिळे होते म्हणून बोलला नाहीस?"

मी पुढच्या वाढलेल्या कडा कापल्या, टाचेला आधार मिळेल अशा नाला ठोकल्या. तिने आभार मानले नाहीत. मानायला नकोच होते.

तिची पद्धत सांगण्यासारखी काही नव्हती, म्हणूनच कुणाला सुचली नव्हती. आधी दातवाल्याला बोलावून गोबोच्या दाढांच्या धारा कानशीने घासून घेतल्या. गाल आतून सोलले होते, तो चावणार तरी काय? गवत सदैव समोर, गव्हाण कधी रिकामी नाही. ओट्स एकदम न तोडता आठवड्या-आठवड्याने कमी केले. बीटचा सुका चोथा पाण्यात फुगवून, त्यात लसूणघास आणि शिजवलेलं जवस, असं थोडं थोडं दिवसातून पाच वेळा. दिवसभर एका म्हाताऱ्या घोडीबरोबर बाहेर कुरणात. दोन महिने पाठीवर कुणीही नाही.

जानेवारीत गोबोच्या बरगड्या झाकल्या, पोट आलं, आणि पाठ होती तशीच. कुरामोची बर्फातून मुद्दाम चालत आला. "वा! पोट तर मलाही आलंय," त्याने स्वतःच्या पोटावर थाप मारली. "आणि पावडरही नाही लागली."

"दिसतंय ना, मालक," फुसाए म्हणाली. "खाण्याने चरबी येते, पाठ कामाने येते. तुम्ही पहिल्या अर्ध्यावर थांबलात."

दुसऱ्या दिवसापासून तिने काम सुरू केलं. क्लबामागच्या चढावर, गुडघाभर बर्फातून, दोरी सैल धरून घोड्याच्या शेजारी चालायचं. वर गेलं की चार पावलं मागे, मग पुन्हा पुढे. उतरताना जमिनीवर टाकलेल्या ओंडक्यांवरून. डोकं कुणीही बांधायचं नाही. त्याने स्वतः मान लांब करून जमीन हुंगत चालावं. आधी वीस मिनिटं, मग चाळीस, मग तास. बासष्ट वर्षांची बाई रोज त्या चढावर. फेब्रुवारीत ती बर्फावर घसरली, डावं मनगट मोडलं. कुरामोचीने प्लास्टरकडे बघून विचारलं, "आता लीद?" तिने उजव्या हाताने फावडं उचलून त्याच्या बुटांपाशी ठेवलं. तीन आठवडे कुरामोचीने लीद काढली. क्लब सुरू झाल्यापासून त्याने केलेलं पहिलं उपयोगाचं काम ते हेच.

मार्चच्या शेवटी मी गोबोच्या नाला बदलत होतो. तो आता पाय ओढत नसे. डोकं खाली सोडून, खालचा ओठ लोंबता ठेवून उभा राहिला आणि लांब श्वास सोडला. फुसाए शेजारी उभी होती. तिने त्या उंचवट्यामागे मूठ ठेवली. मूठ आत जाईना. तिथे मांस होतं, हाताला घट्ट लागणारं. तिने दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग पाठीवरून कमरेपर्यंत तळहात फिरवत गेली, आणि तिथेच थांबली. मला वाटलं काही दुखतंय की काय. बघितलं तर चेहरा भिंतीकडे.

"काय झालं?"

"काही नाही. आपलं काम कर, मूर्खा."

मे महिन्यात उराबे-सेन्सेई आल्या. कुरामोचीने गोबोला स्वतः बाहेर काढलं, आयाळीत फिती गुंफल्या, आणि पंधरा मिनिटं भाषण केलं. "माझा हिवाळी कार्यक्रम," "माझा खास खुराक." फुसाए भिंतीपाशी फावडं घेऊन उभी होती, आणि मी नालांची पेटी आवरायच्या निमित्ताने रेंगाळत होतो. सेन्सेई घोड्यावर चढल्या. बिचाऱ्या दातांच्या डॉक्टर कितीही चांगल्या असोत, खोगिरावर त्या आदळत होत्या, आणि लगामाला लोंबकळत होत्या. तीन फेऱ्यांत गोबोची मान वर झाली, पाठ खाली गेली. कुरामोची टाळ्या वाजवत होता. "सुंदर! सुंदर!"

"उतरा," फुसाए म्हणाली.

कुरामोची पुढे धावला. "सेन्सेई, लक्ष देऊ नका, ही आमची सफाईची..."

"उतरा," ती पुन्हा म्हणाली. "सहा महिने लागले ती पाठ वर आणायला. तुम्ही सहा मिनिटांत खाली बसवाल."

मला वाटलं, संपलं. शहरातली माणसं अशा वेळी दुखावतात आणि गाडीत बसून निघून जातात. पण या बाई उतरल्या. हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले. कुरामोचीकडे न बघता त्यांनी विचारलं, "हा तुम्ही तयार केलात?"

"गवताने केला. मी गवत टाकलं."

"मग मला बसायला कोण शिकवेल?"

फुसाएने त्यांना बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं. "शिकायचंय की फोटो काढायचाय?"

"शिकायचंय."

"मग लगाम मिळणार नाही. रिकिबीही नाही. मी दोरीवर घोडा फिरवीन, तुम्ही नुसतं बसायचं. तीन महिने."

उराबे-सेन्सेई दर रविवारी साडेतीन तास गाडी चालवून येत राहिल्या. दोनदा वाळूत पडल्या, एकदा रडल्या. फुसाए म्हणायची, "रडा, पण पाठ ताठ ठेवून." शरदात त्यांनी गोबो विकत घेतला, पण कुरामोचीकडे ठेवला नाही. शेजारच्या शेतकऱ्याची रिकामी पागा घेतली आणि फुसाएला तिथे बोलावलं. लीद काढायला नाही, घोडा सांभाळायला. लीद ती अजूनही स्वतःच काढते. दुसऱ्या कुणाची तिला पसंत पडत नाही.

कुरामोचीने एक पत्रक छापलं. त्यावर गोबोचा मे महिन्यातला फोटो, शेजारी हा, आणि खाली पावडरीचा डबा. बरेच क्लब मागवतात असं ऐकतो. एकदा मी ते पत्रक फुसाएला नेऊन दाखवलं. तिने ते हातभर अंतरावर धरलं, नाक आवळलं आणि चुलीपाशी ठेवून दिलं.

"वाचत नाहीस?"

"लीद ओळखायला वाचावं लागत नाही."

आता तिच्याकडे आणखी दोन घोडे आहेत, दोन्ही रेस सोडून आलेले, दोन्ही हाडांचे सापळे. एकाचं नाव तिने काटा ठेवलंय, दुसऱ्याचं अजून ठरायचंय. परवा गेलो तर ती नव्याच्या तोंडात हात घालून दाढा चाचपत होती, आणि उराबे-सेन्सेई बाह्या वर सारून शेजारी दिवा धरून उभ्या होत्या. "ही दाढ बघा," त्या म्हणाल्या. फुसाए म्हणाली, "दिवा हलवू नका."