मामांनी नाव सांगेपर्यंत

नाव घ्यायला आमच्या मामेसासऱ्यांइतका कचरणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. नव्या नवऱ्यासुद्धा लाजत लाजत शेवटी नाव घेतात. मामा किड्याचं नाव घेत नाहीत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि माडीवर पिठ्या ढेकणांच्या काचपट्ट्या करत बसले. अंगावर पांढरं पीठ माखलेला, झाडाचा रस पिणारा हा किडा. आपल्याला सगळे सारखेच. मामा त्याला क्षारात उकळून आतून रिकामा करणार, गुलाबी रंगवणार, काचेवर चिकटवणार आणि सूक्ष्मदर्शकाखाली कडेच्या काट्यांच्या जोड्या मोजणार. मोजणी कानडीत, कारण जन्म कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीचा. ओळखायला मादीच लागते. नराला तोंड नसतं, तो दोन दिवसांत मरतो. "सुटला बिचारा," असं मामी जिन्यातूनच म्हणायच्या.

एकदा एका जातीवर त्यांनी महिना घालवला. काट्यांच्या जोड्या सतरा की अठरा, ठरेना. मी मार्केट यार्डात फळांच्या हातगाडीवरून गाळ्यापर्यंत आलेला माणूस; म्हटलं, "मामा, साडेसतरावर तोडून टाका की." चार दिवस बोलले नाहीत. फोटोवर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. आमचं लग्न ठरताना माझा फोटो त्यांनी उलटा ठेवला आणि गाळ्यावर येऊन मला पुढून-मागून निरखून गेले.

वैरागजवळ मी सीताफळाची बाग लावली होती. कर्ज नाही, कुणाचा उपकार नाही, सगळं स्वतःचं. त्या बागेत पांढरं दिसलं तेव्हा मी मोबाइल घेऊन माडी चढलो.

"मामा, नुसतं बघा तरी."

"फोटोवरून सांगितलेलं ते नाव न्हवं जावईबापू, अंदाज असतो. जिवंत आणा."

"फळं काढणीला आलीत हो!"

"म्हणून काय खोटं सांगू?"

मी दार आपटून निघालो. आठ दिवस बायका लावून सगळ्यांत मोठे, पांढरेशुभ्र किडे वेचून साबणाच्या पाण्यात बुडवले. उत्तमातले उत्तम दहाबारा जिवंत बाटलीत भरून ती मामांपुढे आपटली. नमुना द्यायचा तर अव्वल द्यावा, ही आमची धंद्याची सवय.

मामांनी भिंग लावलं आणि लगेच खाली ठेवलं.

"हे मोठेमोठे कुणी वेचाय सांगितले?"

"मी."

"हे पिठ्या ढेकूण न्हाईत. ढेकणांना खाणाऱ्या भुंगेऱ्याची पिल्लं हायत. तसलंच पीठ पांघरून त्यांच्यात फिरतात. लई गुणाची जात."

मी खिशातला मोबाइल काढला. मग मी ओरडलो, "आणि फोटोत? फोटोत कळलं असतं का?"

"व्हय," मामा म्हणाले, "फोटोत बी कळलं असतं."

खोटं बोलले असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

राखणदार मीच मारले होते. पंधरवड्यात ढेकूण माजले, त्यांच्या चिकट रसावर काळी बुरशी धरली आणि फळांवर काजळी चढली. तसला माल मी स्वतः दारातून हाकलला असता. मी बाग काढणार म्हटल्यावर मामा आयुष्यात पहिल्यांदा बागेत आले, "एक ओळ तरी ठेवा, भुंगेरे परत येतील," म्हणाले. मी रागाने जेसीबी बोलावला आणि सगळी बाग उपटली.

परवा मामांनी मामींच्या हाती एक पाकीट पाठवलं. आत काचपट्टी होती. माझ्या बाटलीच्या तळाशी ढेकणाची एकच खरी मादी निघाली होती म्हणे. चिठ्ठीवर मुंगीच्या अक्षरात मला वाचता न येणारं लांबलचक नाव, त्याखाली 'सीताफळ, वैराग', त्याखाली 'गोळा करणारा' म्हणून माझं नाव. मी काच उजेडात धरली. एक गुलाबी ठिपका दिसला, आरपार.