आत्याने नेलेलं पुस्तक

गुप्तहेर मुलींच्या गोष्टींचं वेड मला आत्याने लावलं. नवरा गेल्यापासून ती बुलढाण्याला आमच्याकडेच राहायची. वाचनालयातून पुस्तकं आणून दुपारी मला मोठ्याने वाचून दाखवायची, आणि शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटून मांडीखाली ठेवायची. "चोर कोण हाये, थे आदी तू सांग. मंग वाचू." माझा नुसता संताप व्हायचा.

एकदा असंच शेवट राहिलेलं पुस्तक मुदत वाढवायला म्हणून ती घेऊन गेली, ती परत आलीच नाही. पुस्तकही वाचनालयात पोचलं नव्हतं. बसस्टँड, विहिरी, पोलीस, नातेवाईक, सगळं पालथं घालून झालं. मग घरात तिचं नाव निघेनासं झालं.

मोठी माणसं सांगणार नसतील तर आपणच शोधायचं, एवढं मी पुस्तकांतून शिकले होते. पितृपक्षात बाबा तर्पणाला बसत. तीळ-पाणी सोडताना घरातल्या गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेतात, बहिणीचंही. मी स्वयंपाकघराच्या दाराआड कान लावून बसले. बाबांनी आत्याचं नाव घेतलं नाही. म्हणजे ती जिवंत होती आणि बाबांना ते ठाऊक होतं.

लग्न होऊन खामगावला गेले तरी तर्पणाच्या दिवशी मी माहेरी यायचेच. आत्या नाहीशी होऊन बारा वर्षं उलटल्यावर गुरुजी म्हणाले, आता तिचे विधी करून टाका. बाबा पाटावरून उठून गेले. माझा पुरावा आणखी पक्का झाला. तिच्या खोलीत दुपारी डोळा लागला की मात्र मला पान उलटल्याचा आवाज यायचा. उठून बघायची माझी छाती झाली नाही. ती दिसली असती, तर ती मेल्याचाच पुरावा झाला असता. कसली आली गुप्तहेर!

यंदा बाबा फार थकले होते. गुरुजी बहिणीच्या नावापाशी आले आणि बाबांनी तिचं नाव घेतलं.

जेवणं झाल्यावर मी विचारलं, "बाबा, काही कळलं का तिचं?"

"नाही माय."

"मग इतकी वर्षं नाव काऊन घेतलं नाही?"

"नाव घेतलं तर मीच तिले मारलं, असं वाटे. पण आता माह्यामागं तिले पाणी कोण देईन?"

म्हणजे त्यांनाही कधीच काही माहीत नव्हतं. मला रडू आवरेना. तिच्या खोलीत जाऊन पडले. डोळा लागला तसा आवाज आला. या वेळी मी उठून पाहिलं.

खोलीत कोणी नव्हतं.