माहेरचं बटण

नलूताईंची आणि माझी ओळख मेथीच्या सुकलेल्या जुडीनं झाली. सकाळी दहाला त्या आमच्या वाशीमच्या कार्यालयात आल्या, माझ्या कीबोर्डवर ती जुडी ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. "हे तुही मेथी. घरी ने आन् खा," म्हणाल्या.

चूक माझीच होती, आणि ती साधी नव्हती. आमची संस्था भाजी पिकवणाऱ्यांची. चौदा गावं, प्रत्येक गावाची वेगळी वेबसाइट आणि त्या सगळ्या चालवणारी एकच यंत्रणा. प्रत्येक गावानं उद्याच्या भाजीची यादी आदल्या संध्याकाळी आपल्या साइटवर टाकायची, ती पाहून शहरातली गिऱ्हाइकं मागणी नोंदवणार आणि सकाळी गाडी गावात जाणार. त्या दिवशी शिरपूरला यात्रेकरूंची गर्दी होती. 'गाडी सकाळऐवजी संध्याकाळी येईल' एवढी सूचना मला एकट्या शिरपूरच्या साइटवर टाकायची होती. मी 'सर्व साइट्स'वर टिचकी मारली. गाडी तेरा गावांत सकाळीच जाऊन रिकामी परतली आणि लोक संध्याकाळी भाजी तोडून अंधार पडेपर्यंत रस्त्यावर बसले. त्यांत वाशीमच्या वेशीवर दीड एकर मळा करणाऱ्या नलूताईही होत्या.

मी घाबरलो. तोवर साइटवर लिहायच्या आणि प्रकाशित करायच्या परवानग्या मी खिरापतीसारख्या वाटल्या होत्या, त्या सगळ्या एका दुपारी काढून घेतल्या. कोणत्याही गावाचं काहीही माझ्या हाताखालून गेल्याशिवाय दिसणार नाही, असा बंदोबस्त केला. परिणाम असा की चौदा याद्या माझ्यापुढे तुंबल्या आणि शेपू व बडीशेप यांतला फरक ज्याला धड सांगता येत नाही, असा माणूस त्या तपासू लागला. नलूताई दुसऱ्यांदा आल्या. "काल गोठ्याले दारच नोतं, आज तू भिताडच घातलं. ढोरं कुठून जातीन बाप्पा?"

संस्थेच्या अध्यक्षांनी हे ऐकलं आणि नलूताईंनाच माझ्या शेजारी कामाला बसवलं. तेव्हा त्यांचं वय पंचावन्न. महिनाभरात कोणाला कोणत्या गावात लिहिता येतं, कोणाला प्रकाशित करता येतं, हे त्या पडद्याकडे न बघता सांगायला लागल्या. सर्वांत वरची, चौदाही गावांची परवानगी आता माझ्यासोबत त्यांच्याकडेही होती. त्यांचा पहिला नियम होता, "लिवनारा येगळा, दाखवनारा येगळा." दुसरा त्याहून कडक. "ज्याच्यापाशी साऱ्या कुलपाच्या चाब्या, त्यानं कोनाच्या घरात शिरू नये." वरची परवानगी असलेल्यानं कुठल्याच गावाची यादी स्वतः प्रकाशित करायची नाही, असा त्याचा अर्थ.

हा नियम त्यांच्याच अंगावर आला. किन्हीराजाच्या पुढे एक लहानसं गाव आहे, ते त्यांचं माहेर. तिथं वरचा पुरा आणि खालचा पुरा असे दोन तट. प्रकाशित करायचं बटण वरच्या पुऱ्याकडे असलं की खालच्यांची वांगी यादीतून गळायची आणि बटण खाली गेलं की वरच्यांचे टमाटे. भांडण एवढं वाढलं की दोन आठवडे यादीच आली नाही. संचालक मंडळानं सांगून टाकलं, रविवारी संध्याकाळपर्यंत यादी नाही आली तर गाव गाडीच्या वाटेवरून कमी.

त्या शुक्रवारी नलूताईंनी डबा उघडला नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, तुमच्याकडे परवानगी आहे. दोन्ही पुऱ्यांच्या याद्या फोनवर घ्या आणि दाबा बटण. कोण बघतंय?"

"मी पाहून राह्यली ना," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "बाबू, बटन दाबनारा गावातच रायला पायजे असं तुह्या मशीनमंदी हाये का?"

मी म्हटलं, नाही, तो अमेरिकेतही राहू शकतो.

"अमेरिका कायले? अनसिंगले आमची प्रमिला देली हाये."

प्रमिला त्या गावची लेक, वरच्या पुऱ्यातली. सासर अनसिंगचं. नलूताईंचं म्हणणं असं, की गावातल्या माणसाला बांध असतो, मतदान असतं, लेकीला यांतलं काही नसतं. तिला वरचा पुरा दादा आणि खालचा पुरा काका. आणि माहेरची इज्जत तिला सासरी रोज सांभाळावी लागते, म्हणून ती खोटं छापणार नाही. दोन्ही पुऱ्यांना फोन झाले. लेकीला नाही कोण म्हणणार? दोघेही कुरकुरत हो म्हणाले.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. गावातून आलेला नोंदीचा मसुदा परत पाठवला की कारण खाली लिहावं लागतं आणि ते गावातल्या सगळ्यांना दिसतं. प्रमिलानं पहिल्याच फटक्यात एक नोंद परत पाठवली, आणि ती तिच्या सख्ख्या भावाची होती. कारण लिहिलं होतं, "दादा, परवा मी आली तवा वांग्याले फुलंच होते. चार क्रेट कुठून आनले?"

दहा मिनिटांत भावानं चाराचं एक क्रेट केलं. त्यानंतर खालच्या पुऱ्यातून तीन जणांनी न विचारता आपापले आकडे कमी केले. साडेसातला यादी प्रकाशित झाली आणि सोमवारी गाडी गेली. नलूताईंनी तेव्हा कुठं माझ्याकडून चहा मागवला.

मग काय, तेरा गावांनी आपापल्या लेकी शोधून काढल्या. शिकवणीच्या दिवशी चौदाजणी डबे घेऊन आल्या आणि मी ठेचा-भाकरी खाऊन दुपारभर निकामी झालो. एकीनं मसुदा परत पाठवताना कारण दिलं होतं, "आईले इचारून लिव." जावई लोक चौकात सांगू लागले की सासऱ्याच्या गावची मेथी आमच्या घरातून पास होते. इतकं आनंदाचं काम मी नोकरीत दुसरं केलेलं नाही.

दोन वर्षांनी प्रमिलाला दिवस गेले आणि तिनं सुट्टी मागितली. गावानं दोन्ही पुऱ्यांच्या लेकींच्या चिठ्ठ्या टाकल्या. नलूताईंना भाच्याचा फोन आला, तेव्हा मी शेजारीच होतो. "आत्या, चिठ्ठीत तुमचं नाव निघालं."

भाऊ वारल्यापासून नऊ वर्षांत त्या घरातून त्यांना दिवाळीचंही बोलावणं नव्हतं. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. आणि मग म्हणाल्या, "बाबू, माही वरची परवानगी काढ."

मी समजावून पाहिलं. दोन्ही परवानग्या ठेवा, सिस्टीम देते, असं म्हटलं.

"सिस्टीम देते. मी नाही देत."

मी एकेका गावातून त्यांचं नाव काढत गेलो. यंत्रणा दर वेळी विचारायची, खात्री आहे का, आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "दाब." सातव्या गावाला माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. तेरा झाली. एक राहिलं. त्या उठल्या, खुर्ची जागेवर सरकवली आणि घरी गेल्या.

त्या संध्याकाळी मी एकटाच पडद्यासमोर बसलो होतो. त्यांच्या माहेरची यादी आली आणि पाचच मिनिटांत भाच्याची भेंडी परत गेली. खाली कारण होतं, "भेंडी कवळी का जून, ते लिवलं नाही. बुधवारी येईन, तवा वावरात पाहीन."

त्याखाली भाच्यानं लिहिलं होतं, "कवळी हाये आत्या. या. दोन्ही पुऱ्यात जेवन सांगतलं."